मारबत, लाकडी बैल आणि क्रोशाचा वाघ: नागपुरात हातानं गंमत घडवणाऱ्यांना नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी सकाळी आम्ही आठ-दहा जण नागपूरच्या महाल भागातल्या एका ओसरीवर जमतो. कुणाच्या हातात क्रोशाची सुई, कुणाच्या हातात पटाशी, कुणी रद्दीचा लगदा कालवत बसलेलं. येणारे-जाणारे डोकावतात, दोन घटका टेकतात आणि बहुतेक तेच प्रश्न विचारतात. काहींची उत्तरं एका वाक्यात देता येतात, काहींसाठी चहा टाकावा लागतो. इथेही तसंच झालंय.

नागपूरचा या सगळ्याशी काय संबंध? हे तर बाहेरून आलेलं खूळ वाटतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत एकदा उभं राहा, मग हा प्रश्न पडणार नाही. जागनाथ बुधवारीतून पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातला मोठा पुतळा, निघते, इतवारीतून काळी, आणि त्यांच्या मागेपुढे बडगे, म्हणजे टोमणा मारणारे पुतळे. पिवळी १८८५ पासून निघतेय, काळी तिच्याही आधीची. काळी म्हणजे इंग्रजांना जाऊन मिळालेल्या, भोसले घराण्यातल्या बाकाबाईची आठवण, असं जुन्या वस्तीत सांगतात. पिवळीसमोर मात्र आया लेकरं कडेवर घेऊन हात जोडायला येतात. एकीला हाकलायचं, दुसरीला नवस बोलायचा आणि शेवटी दोघींनाही अग्नी द्यायचा. बडग्यांचा विषय दरवर्षी नवा. महागाई म्हणा, लाचखोरी म्हणा, त्या वर्षी ज्या गोष्टीनं लोकांना छळलं तिला हातपाय फुटतात, नाक-डोळे येतात, गळ्यात पाटी अडकते आणि ती गर्दीतून फिरते. 'इडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत' ही आरोळी शेकडो गळ्यांतून उठली की माझ्या अंगावर अजून काटा येतो.

त्याच दिवशी तान्हा पोळा. मुलं सजवलेले लाकडी बैल चाकांवर ओढत घरोघरी जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करतात. हा मुलांचा पोळा दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ साली सुरू केला असं सांगतात, आणि भोसल्यांच्या वाड्यातला ८ फुटी लाकडी बैल आजही लोक बघायला जातात.

म्हणजे एकाच दिवशी आपलं शहर दोन टोकांच्या वस्तू रस्त्यावर आणतं. एक कित्येक दिवस खपून बांधलेली आणि त्याच दिवशी राख होणारी. दुसरी आजोबांच्या हातून नातवाच्या हातात जाणारी. म्हणून आमच्याकडे कुणी नवी कल्पना घेऊन आलं की आम्ही आधी एवढंच विचारतो: तुमचं काम मारबत आहे की बैल? सामान, खर्च, परवानगी, रंग सगळं त्या उत्तरावर ठरतं. बहुतेक कामं फसतात ती हे न ठरवल्यामुळे. चौकात ठेवलेली वस्तू जाळायची नसते आणि तिला सांभाळायलाही कुणी नसतं, मग ती कुजत पडते.

बडग्या बांधतात तरी कसा?

मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका अरुंद गल्लीत, भर पावसाळ्यात, ताडपत्रीखाली. एक म्हातारे काका कामटी तासत होते. बांबू उभा चिरायचा, आतला मऊ भाग काढून टाकायचा, सालीकडची बाजू ठेवायची, कारण जोर तिच्यात असतो. मग मेणबत्तीच्या ज्योतीवर कामटी हळूहळू फिरवत त्यांनी दोन्ही अंगठ्यांनी तिला बाक दिला. कामटी काळी पडायच्या आत बाजूला, आणि थंड होईपर्यंत हात सोडायचा नाही. अशा सहा कामट्यांचं डोकं झालं. सुतळी भिजवून बांधली, वाळल्यावर ती आवळून बसते. नाकासाठी बारदानाची गुंडाळी. मला ते नाक फार मोठं वाटलं, तसं मी म्हटलंही. काका म्हणाले, 'बाई, हे तुम्ही इथून पाहता. माडीवरचा माणूस कुठून पाहील?' तेव्हापासून रस्त्यावरच्या कुठल्याही कामात मी चेहरा आधी लांबून बघते.

घरी करायचा असेल तर पद्धत तीच. कामट्यांचा सांगाडा, त्यावर बारदान किंवा जुनी साडी ताणून, त्यावर वर्तमानपत्राचे हातानं फाडलेले तुकडे खळीनं चिकटवायचे. कात्रीनं कापू नका, फाटक्या कडा एकमेकींत मिसळतात, कापलेल्या कडा वाळल्यावर उचलून येतात. मैद्याची खळ शिजवताना चमचाभर मेथीपूड घातली तर कीड कमी लागते. आपल्या आज्या रद्दीच्या लगद्याच्या टोपल्या करायच्या त्यातही मेथी असायचीच. खळीत मोरचूद घालायचा सल्लाही मिळेल. तो विषारी आहे, मुलं काम करत असतील तर अजिबात नको. एक थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नका. श्रावणातल्या दमट हवेत एका थराला दोन दिवस लागतात, म्हणून पोळ्याच्या निदान तीन आठवडे आधी सुरुवात करा.

जाळायचा असेल तर प्लास्टिक, थर्माकोल आणि ऑइल पेंट यातलं काहीही वापरायचं नाही. त्याचा धूर मुलांच्याच छातीत जातो. पिवळ्यासाठी हळद किंवा रामरज, काळ्यासाठी काजळी, पांढऱ्यासाठी चुना. एवढ्यात काम होतं.

जुना लाकडी बैल माळ्यावर पडलाय. रंग उडालाय, एक चाक गेलंय. दुरुस्त होईल?

होईल, आणि नवा घेण्याआधी हेच करा. आम्हाला सगळ्यात आवडणारं काम हे.

आधी रंगाबद्दल, कारण इथे चूक महाग पडते. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम ठरवणारा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी रंगवलेला बैल असेल तर कोरड्या पॉलिश पेपरनं घासू नका. ती पूड नाका-तोंडात जाते, आणि लहान मुलांना शिशाचा त्रास सगळ्यात जास्त. ओलं कापड घ्या, पाण्यात चालणारा पॉलिश पेपर घ्या, तोंडाला मास्क लावा, खाली वर्तमानपत्र पसरा आणि ते शेवटी गुंडाळून टाका. मुलांना त्या दिवशी दुसरं काम द्या.

मग लाकूड बघा. बारीक गोल भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली तर घुण लागलाय. घुणाचं औषध सुईच्या सिरिंजनं एकेका भोकात सोडायचं, बैल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आठवडाभर ठेवायचा. भेगा लाकडाचा भुसा आणि फेविकॉल कालवून भरायच्या. शिंग मोडलं असेल तर नुसत्या डिंकावर चिकटवू नका, पुन्हा तिथंच मोडेल. दोन्हीकडे गिरमिटानं बारीक भोक पाडून आत बांबूची काडी बसवा, मग चिकटवा.

चाकं खरादीवर करून मिळतात. आस लोखंडी सळईची असेल तर टोकांना वायसर घाला, नाहीतर लाकूड घासून भोक मोठं होतं आणि बैल लंगडतो. रंग पाण्यात मिसळणारे घ्या, वरून पारदर्शक वॉर्निशचा पातळ हात द्या. डोळे सगळ्यात शेवटी.

गेल्या पोळ्याला एक आजी असाच बैल घेऊन आल्या होत्या. रंगाचे थर भिजवून काढता काढता पोटाखाली कोरलेली अक्षरं निघाली, त्यांच्या सासऱ्यांच्या हातची. आजींनी त्यावर बोट फिरवलं आणि तेवढी जागा रंगवू नका म्हणाल्या. आम्ही ती तशीच ठेवली, फक्त जवसाचं तेल लावलं.

नवा बैल घरी करता येईल?

पहिला बैल पुठ्ठ्याचा करा, लाकडाचा नको. खोक्याचा जाड पुठ्ठा, आत रद्दीचे बोळे, वर लगदा. पुठ्ठ्यात प्रमाण चुकलं तर कात्रीनं सुधारता येतं. सगळ्यांची चूक एकच असते: वशिंड फार मागे जातं. ते पुढच्या पायांच्या वर, खांद्यावर येतं. पुठ्ठ्याचे दोन-तीन करून झाले की मग सागाच्या तुकड्याला हात घाला.

चितारओळीत शिकायला मिळेल का?

महालातली चितारओळ हा मूर्तिकारांचा जुना भाग. तिथली घरं पिढ्यान्‌पिढ्या मूर्ती करतात. पण गणपतीच्या आधीचे दोन महिने आणि नवरात्राआधीचे दिवस त्यांच्या रोजीरोटीचे असतात. त्या काळात 'काका, कसं करता?' म्हणत समोर उभं राहणं बरं नाही. दिवाळीनंतर जा, आधी विचारा, एक मूर्ती विकत घ्या, बसायला सांगितलं तर हातपाय आवरून बसा आणि फोटो काढण्याआधी परवानगी घ्या. माती मळायला दिली तर समजा शिकवणी सुरू झाली. आमच्यातल्या एकाला तीन आठवडे फक्त माती मळायला दिली होती. आज त्याच्या हाताला माती कधी तयार झाली ते न बघता कळतं.

रीतसर शिक्षण हवं असेल तर शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या क्राफ्ट मेळ्यात वेगवेगळ्या राज्यांचे कारागीर येतात. तिथे खरेदीच्या गर्दीत न जाता दुपारी जा, कारागिरांना बोलायला सवड असते. बांबूचं पक्कं शिक्षण चंद्रपूरजवळ चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात मिळतं.

क्रोशानं बाहुल्या करायच्या आहेत. सुरुवात कुठून?

गोळ्यापासून. गोळा जमला की वाघ, घुबड, संत्रं सगळं जमतं, कारण ते सगळे गोळ्यांचेच नातेवाईक. या भरीव बाहुल्यांना जपानी नाव आहे, अमिगुरुमी, पण टाके तेच जे आपल्या आया रुमालाच्या कडेला घालायच्या: साखळी आणि मुका खांब.

सरकफास करून त्यात ६ मुके खांब. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे १२. तिसऱ्यात एक सोडून एक दुप्पट, १८. चौथ्यात दोन सोडून, २४. प्रत्येक फेरीला सहाच वाढवायचे. जितका मोठा गोळा हवा तितकं वाढवा, मग काही फेऱ्या न वाढवता सरळ, आणि नंतर त्याच हिशेबानं सहा-सहा कमी. फेरी कुठे सुरू झाली ते कळायला वेगळ्या रंगाचा धागा अडकवून ठेवा. मोजणी चुकली की गोळ्याला पोट सुटतं.

धाग्याच्या लेबलवर लिहिलंय त्यापेक्षा एक नंबर लहान सुई घ्या. टाके घट्ट आले नाहीत तर आत भरलेलं फायबर डोकावतं आणि बाहुली थकल्यासारखी दिसते. तीन वर्षांखालच्या बाळासाठी असेल तर प्लास्टिकचे डोळे लावू नका, धाग्यानंच भरा. डोळा निघाला तर तो तोंडातच जातो.

झाडांना, खांबांना लोकरीचे रंगीत कपडे घालतात ते नागपुरात करू का?

ही पद्धत अमेरिकेतल्या ह्यूस्टनमधून २००५ च्या सुमारास पसरली. मॅग्डा सायेग नावाच्या बाईंनी आपल्या दुकानाच्या दाराची मूठ विणून झाकली, तिथून सुरुवात. फोटो बघून आम्हालाही मोह झाला होता. जूनच्या पहिल्या आठवड्यात एका वसाहतीतल्या सहा झाडांना आम्ही विणलेली वेष्टणं घातली. चार दिवस फार सुंदर दिसली. मग पाऊस आला. लोकर पाणी पिऊन लोंबली, आत मुंग्या आणि गोगलगायी, बुंध्याला बुरशी. काढायला गेलो तेव्हा वेष्टण जिथे आवळून शिवलं होतं तिथली साल ओली आणि मऊ झाली होती. ती झाडं बोलू शकत नव्हती आणि आम्ही महिनाभर तिकडे फिरकलो नव्हतो. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून झाडाला काही घालत नाही. लोखंडी खांब, कुंपणाची जाळी, बाकाचे हात इथे चालतं, तेही नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि काढायची तारीख आधी ठरवून. हे काम बैल नाही, मारबत आहे. काढलेल्या वेष्टणाचे चौकोन करून गोधडीला जोडतो.

सार्वजनिक जागी ठेवायला परवानगी लागते का?

लागते. रस्ता, चौक, बाग, दुभाजक असेल तर महानगरपालिकेची. मिरवणूक किंवा गर्दी होणार असेल तर पोलिसांची. भिंतीवर परवानगीशिवाय काही रंगवलं किंवा चिकटवलं तर महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम, १९९५ आहे. वारशाच्या यादीतल्या वास्तूंना हात लावायचाच नाही. शून्य मैलाचा खांब आणि त्याभोवतीचे चार घोडे हे आपल्या शहरातलं सगळ्यात ओळखीचं शिल्प. १९०७ चा तो भूमापनाचा दगड. फोटोसाठी घोड्यावर चढणाऱ्या मुलांना खाली उतरवा, ही कळकळीची विनंती.

सोपा मार्ग सांगते. शाळा, वाचनालय, सोसायटी, मंदिर किंवा विहाराचं आवार, दुकानाचा ओटा. मालकाचं लेखी 'हो' घ्या, किती दिवस आणि काढणार कोण ते त्याच कागदावर लिहा.

चंडीगढचं रॉक गार्डन परवानगीशिवायच झालं, हे कुणीतरी हमखास सांगतं. खरं आहे. नेक चंद रस्तेखात्यात निरीक्षक होते. १९५७ पासून सरकारी जागेत, कुणाला न सांगता, फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि फरश्यांची माणसं, पक्षी, राण्या करत राहिले. सत्तरीच्या दशकात ते उघडकीस आलं, आणि शहरानं ते पाडायचं सोडून १९७६ मध्ये लोकांसाठी खुलं केलं. पण त्या माणसानं रोज रात्री तिथे जाऊन जवळजवळ दोन दशकं ते सांभाळलं. तुम्ही तेवढं जाणार असाल तर परवानगी मिळवणं त्यापुढे अगदीच सोपं आहे.

नेत्याच्या किंवा संताच्या पुतळ्याला गमतीनं काही घातलं तर?

नको. ग्लासगो शहरात ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या १८४४ च्या पुतळ्याच्या डोक्यावर लोक १९८० च्या दशकापासून रस्त्यावरचा शंकू ठेवत आलेत. पालिकेनं २०१३ मध्ये चौथरा उंच करायचा बेत केला, तो लोकांनी हाणून पाडला. तिकडे ते चालतं. आपल्याकडे पुतळ्याला जयंतीला हार घालतात, त्याच्यासमोर उभं राहून लोक रडतात. दुसऱ्याच्या श्रद्धेवर गंमत उभी करू नये. टोमणा मारायचाच असेल तर आपल्याकडे बडग्याची सोय १९ व्या शतकापासून आहे.

मी एका कार्टूनचा मोठा चाहता आहे. त्या पात्राची बाहुली करून विकू शकतो का?

आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांत हा पहिल्या क्रमांकाचा, म्हणून जरा सविस्तर.

करणं आणि विकणं वेगळं. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात चित्रावरून त्रिमितीय वस्तू करण्याचा हक्कही मूळ कलाकाराचा किंवा कंपनीचा आहे. म्हणजे 'त्यांचं चित्र होतं, मी तर लोकरीचं केलं' हे चालत नाही. खासगी वापराला कायद्यात सूट आहे. भाचीच्या वाढदिवसाला तिच्या आवडत्या पात्राची बाहुली करून दिलीत तर बिनघोर द्या. पण मेळ्यात टेबल मांडून वीस बाहुल्या विकायला ठेवल्या तर तो धंदा झाला, आणि नाव किंवा चिन्ह नोंदलेलं असेल तर ट्रेडमार्कचा प्रश्नही येतो. 'चाहत्यानं केलेलं' अशी चिठ्ठी लावली तरी फरक पडत नाही.

मग चाहत्यानं विकायला काय करावं? हक्क लेखक किंवा कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, त्यानंतर काम सगळ्यांचं. पंचतंत्रातला माकड आणि मगर, बिरबल, चिऊ-काऊ कुणाच्या मालकीचे नाहीत. पण एखाद्या मालिकेनं त्यांना दिलेला विशिष्ट चेहरा आणि कपडे त्या मालिकेचे, ते उचलू नका, तुमचा चेहरा द्या.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. ज्याचं वेड आहे त्याची भावना घ्या. विदर्भानं २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशी तीनदा रणजी जिंकली. आमच्यातल्या दोघी क्रिकेटवेड्या आहेत. त्यांनी संघाचं चिन्ह घेतलं नाही, कुठल्या खेळाडूचा चेहरा घेतला नाही. पॅड बांधलेलं, हेल्मेट काखेत धरलेलं, उन्हानं लाल झालेलं एक संत्रं विणलं. नागपूरच्या माणसाला ते कशाबद्दल आहे हे सांगावं लागत नाही.

चौकातल्या पुतळ्याचं चित्र काढून पोस्टकार्ड छापलं तर?

कायमस्वरूपी सार्वजनिक जागी असलेल्या शिल्पाचं चित्र, रेखाटन किंवा फोटो काढून प्रसिद्ध करायला आपला कायदा मुभा देतो, कलम ५२ मध्ये ते स्पष्ट आहे. ही मुभा चित्राला आहे, छोटी मूर्ती करून विकायला नाही. बाहेरच्या देशांत नियम निराळे. कोपनहेगनची छोटी जलपरी १९१३ पासून समुद्रकाठी बसलीय, तिचे शिल्पकार एडवर्ड एरिक्सन १९५९ मध्ये गेले, आणि तिकडे हक्क ७० वर्षं चालतो. तो २०२९ संपेपर्यंत वारसांकडे आहे आणि ते त्याबाबत कडक आहेत.

नागपूरच्या उन्हात काय टिकतं?

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि महिन्याभरात धो धो पाऊस सुरू होतो. या दोन्हींतून जे निभावतं तेच बैल. बाकी मारबत.

कागदाचा लगदा: बाहेर एक हंगामही नाही, वॉर्निश कितीही द्या. छपराखाली वर्षानुवर्षं. सुती धागा उन्हात विटतो, पावसात कुबट होतो. ॲक्रिलिक धागा उन्हाला जास्त चिवट, पण झिजून त्याचे बारीक प्लास्टिकचे तंतू मातीत जातात, म्हणून बाहेर कमीत कमी वापरा. प्लास्टर ऑफ पॅरिस पावसात ठेवूच नका.

बांबू बाहेर ठेवायचा असेल तर तो पावसाळ्यानंतर तोडलेला घ्या. पावसाळ्यात तोडलेल्यात साखर-पिष्ट जास्त, कीड तुटून पडते. वाहत्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवणं ही जुनी युक्ती, नाहीतर बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात भिजवणं. जमिनीला टेकू देऊ नका, वाळवी खालूनच चढते. विटेवर किंवा लोखंडी पायावर बसवा.

लोखंडी भंगार सगळ्यांना आवडतं. सायकलच्या साखळ्या, स्पॅनर, बेअरिंग यांचं काहीही होतं. गंज घासून रेड ऑक्साइडचे दोन हात, मग रंग. पण मुलं हात लावणारच हे धरून चाला. प्रत्येक कड कानशीनं मोडा, आणि दुपारी दोनला तळहात ठेवून बघा. चटका बसला तर ती वस्तू झाडाच्या सावलीत न्या.

खरोखर वर्षानुवर्षं उभं राहायला हवं असेल तर कोंबडी-जाळीवर सिमेंट. सळईचा सांगाडा, दोन पदर जाळी, एक भाग सिमेंटला दोन भाग बारीक चाळलेली रेती, पाणी बेतानं. हाताची जळजळ टाळायला रबरी मोजे घाला. मग निदान सात दिवस ओलं बारदान गुंडाळून पाणी मारत राहा. हे काम हिवाळ्यात करा. उन्हाळ्यात बारदान तासाभरात खडखडीत होतं आणि पृष्ठभागावर केसासारख्या भेगा येतात.

किंमत किती सांगावी? लोक म्हणतात, एवढ्याशा बाहुलीचे एवढे?

सामान, तास आणि जागेचं भाडं, तिन्ही लिहा. माझ्या वीतभर वाघाला धागा ८० ग्रॅम लागतो आणि तास चौदा. धाग्याचेच पैसे घेतले तर मी चौदा तास फुकट दिले. तासाचा दर स्वतःला ठरवा, घरकाम किंवा शिलाई करणाऱ्या बाईला तुमच्या वस्तीत जो मिळतो त्यापेक्षा कमी नको. आणि 'बायकांचा फावल्या वेळेचा छंद' हे शब्द ऐकून भाव उतरवू नका. मला त्याचा राग येतो आणि तो योग्य आहे असं मला वाटतं.

कारागिराकडून घेताना घासाघीस करू नका. मोठ्या दुकानात आपण करतो का?

मुलं कोणत्या वयापासून?

लगदा आणि माती तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून, क्रोशा साधारण आठव्यापासून, पटाशी दहाच्या पुढे आणि शेजारी मोठं माणूस बसलेलं.

बाहेरगावी गेलो तर काय बघावं?

चंडीगढचं आलंच. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन पुण्यात सिम्बायोसिसच्या आवारात आणि मुंबईत वरळीला उभा आहे. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातला चौकड्यांच्या कोटातला गप्प माणूस असा समोर उभा राहिला की लोक त्याच्याशेजारी जाऊन थांबतात, ते बघा. परदेशी जाणारं कुणी असेल तर पोलंडमधलं व्रोत्सुआफ. तिथे गुडघ्यालाही न पोचणारे काशाचे बुटके शेकडोंनी आहेत, पायरीवर, खिडकीखाली, दिव्याच्या खांबापाशी. पहिला २००१ मध्ये बसवला, ऐंशीच्या दशकात हुकूमशाहीला हसून हैराण करणाऱ्या चळवळीची आठवण म्हणून. तिच्याबद्दल वाचताना मला सारखा आपला बडग्या आठवत होता. आकार लहान असल्यामुळे मुलांना ते आधी दिसतात, हेही लक्षात ठेवण्यासारखं.

ठेवलेलं काम कुणी मोडलं किंवा नेलं तर?

वाईट वाटतं. दोन दिवस हात चालत नाही. मग मोडलेलं घरी आणा, तसंच ठेवलं तर दुसरा दगड पडतो. आमचं सिमेंटचं घुबड एकदा आडवं पाडलेलं सापडलं. उचलायला गेलो तर शेजारच्या पानठेल्यावरचे भाऊ स्वतःहून पाणी आणि फावडं घेऊन आले. आता त्याच्यावर त्यांचंच लक्ष असतं. नवीन काही ठेवण्याआधी समोरच्या दुकानदाराला बोलवून दाखवायचं, ही सवय आम्ही तेव्हापासून लावून घेतली.

या पोळ्याला यायचं आहे. काय आणू?

पोळा श्रावण अमावास्येला, मारबत आणि तान्हा पोळा त्याच्या दुसऱ्या दिवशी. आम्ही महिनाभर आधी बसायला लागतो. रद्दी, जुनी सुती साडी, सुतळी असेल तर आणा. नसेल तर रिकाम्या हातानं या, ओसरीवर भरपूर आहे. माळ्यावरचा बैल मात्र नक्की आणा, आणि निखळलेलं चाक फेकलं नसेल तर तेही. नव्या चाकाचं माप आम्ही त्यावरूनच घेतो.